गॅरंटी तोंडी आहे

पुणे-बेंगळुरू महामार्गावर कराडला खेटून असलेलं मलकापूर चोवीस तास पाण्यासाठी नावाजलं. अशा गावात नुकतंच बांधलेलं इंजिन पाण्यावाचून तापून जाम व्हावं, याला नशीबच लागतं. गॅरेजमध्ये दोष शेवटी नशिबाचाच निघतो म्हणा. मिस्त्री सांगतो, बोअर लेथवाल्यानं मारला. लेथवाला सांगतो, पिस्टन-रिंगा दुकानदाराच्या. दुकानदार सांगतो, माल कंपनीचा, फिटिंग मिस्त्रीचं. मग तिघेही गाडीवाल्याकडे वळतात, “दादा, पहिले हजार किलोमीटर जरा दमानं चालवायची!” त्यानं खंबाटकीचा घाट चढवला असेल, तर गुन्हा शाबीतच.

हेड उघडलं की पाण्याच्या वाटेत गॅस्केटला थापलेल्या सिलिकॉनचा गोळा सापडतो आणि पिस्टनवर ओरखडे. तो गोळा काही गाडीवाल्यानं घाटात भरलेला नसतो.

2019चा ग्राहक संरक्षण कायदा याला सेवेतली त्रुटी म्हणतो. दोन वर्षांत साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. फक्त पुरावा हवा. पुरावा म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर ‘इंजिनकाम’ आणि एक गोल आकडा. तारीख नाही, सही नाही, सुट्या भागांची यादी नाही. पक्कं बिल नको, हे गाडीवाल्यानंच सांगितलेलं. जीएसटी वाचला म्हणून चहाही त्यानंच पाजला होता.

गॅरंटी मात्र दिलेली आहे. तोंडी. आणि ते तोंड हल्ली फोन उचलत नाही.