पुणे-अकोला व्हाया गॅस

मे महिन्यात अकोल्याला लग्न ठेवणाऱ्याचा वऱ्हाडींवर काहीतरी जुना राग असावा. पण नवरी मामेबहिणीची मुलगी, तेव्हा जाणं भागच होतं. गाडीत मी, बायको, आई आणि पुढच्या सीटवर मामा. मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यामुळे जिथे वायर दिसेल ते सगळं आपल्या खात्यातलं, अशी त्यांची पक्की समजूत.

गाडीचा एसी मी आठच दिवसांपूर्वी दुरुस्त करून घेतला होता. म्हणजे गॅस भरून घेतला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला मला चारशेच्या वर किलोमीटर लागले.

रांजणगावच्या गणपतीला हात जोडले तेव्हा गाडीत गार होतं. शिरूर मागे पडलं आणि समोरून जे यायला लागलं त्याला फार तर वारा म्हणता आलं असतं.

"गॅस संपला," मामा म्हणाले. स्वयंपाकघरातून यावं तसं.

नगरला रस्त्याकडेलाच एक गॅरेज दिसलं. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, गेज लावला, "गॅस कमी आहे साहेब" म्हणाला आणि भरला. वीस मिनिटांत आम्ही मोकळे. नेवासे फाट्यावर उसाचा रस पिऊन परत बसलो तेव्हा जरा शंका आली, आणि छत्रपती संभाजीनगरला पोहोचेपर्यंत शंका उरली नाही. जालन्यात दुसरं गॅरेज गाठलं. तोच गेज, तेच वाक्य. "पण तो जातो कुठे?" मी विचारलं.

"उन्हाळा आहे ना साहेब, उडतो."

"कापरासारखा," मामांनी दुजोरा दिला.

वास्तविक एसीतला गॅस जळत नाही, उडत नाही, संपत तर मुळीच नाही. तो बंद नळ्यांत गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीजवळच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि जाताना गाडीतली उष्णता घेऊन जातो. घरातल्या फ्रिजमध्ये कोणी दरवर्षी गॅस भरतं का? कमी झाला म्हणजे कुठून तरी पळाला, एवढाच त्याचा अर्थ. पण गॅस भरायला वीस मिनिटं लागतात आणि भोक शोधायला दुपार जाते.

चिखलीच्या पुढे कॉम्प्रेसर टक् करून लागायचा, टक् करून सुटायचा. शेवटी तेही थांबलं. काचा खाली केल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. आईने डोक्यावर ओला नॅपकिन घेतला आणि ऊन लागू नये म्हणून पर्समधून एक कांदा काढून माझ्या खिशात ठेवला. एसीपेक्षा तिचा कांद्यावर जास्त विश्वास होता. त्या क्षणी माझाही.

खामगावात तिसरा मेकॅनिक भेटला. साठीचा गृहस्थ, चष्म्याला दोरी. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध, त्यामुळे बायको आणि आई तिकडे गेल्या. त्याने गेजला हातही लावला नाही.

"तीन जागी भरला, अन् तो जाते कोठी हे कोनीच नाही पाह्यलं? काहून बाप्पा?"

मग तो पाइपांवरून नुसता बोट फिरवत गेला. कंडेन्सरच्या जोडापाशी थांबला आणि बोट माझ्यासमोर धरलं. काळं, तेलकट. गॅस दिसत नाही, पण त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. पुण्यात, नगरला, जालन्याला तो डाग तिथेच होता. बघणाऱ्याची वाट पाहत.

त्याने नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला, दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस जोडावर लावला आणि बिडी पेटवून बसला. थोड्या वेळाने फेसातून एक बुडबुडा आला. फुगला. फुटला. त्याच जागी दुसरा. मी इतक्या एकाग्रतेने आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

मग तो गॅस भरायच्या तोंडाकडे वळला. तिथे तर फेस उतू चाललेल्या दुधासारखा वर आला. आतली पिन अडकली होती आणि वरचं टोपण गायब. "हे नगरवाल्यानं केलं," तो म्हणाला. आठ दिवस टिकणारा गॅस नगरनंतर दोन तासांत का जायला लागला, याचा उलगडा झाला. रोग पुण्याचा होता, पण औषधाने दुसरा रोग जडला होता.

जोडातून निघालेली रबरी रिंग तान्ह्या बाळाच्या बोटातल्या अंगठीएवढी, आणि उन्हाने पापडासारखी कडक. तिच्यापायी मी हवेत किलोभर गॅस सोडला होता. हा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो जवळजवळ चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकं जग तापवतो. विदर्भाच्या उन्हाला आणखी मदत हवी होती असं नाही.

नवी रिंग, नवी पिन, टोपण. मग चाळीस मिनिटं व्हॅक्यूम. मशीन बंद करूनही काटा हलला नाही, तेव्हा कुठे त्याने गॅसची टाकी वजनकाट्यावर ठेवली. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलं होतं, त्याने तेवढाच भरला.

"अर्धा किलो करून टाका की," मामा म्हणाले.

"भाजी हाये का, काका? जास्त झाला तरी थंड नाही करत."

बाळापूर येईपर्यंत आईने शाल काढली होती.

रात्री कार्यालयासमोर गाडी लावली. एसी चालू असला की कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी नळीतून गाडीखाली टपकतं. अकोल्याच्या कोरड्या हवेतही चार थेंब पडले. मी बॅगा आत ठेवून येतो तो मामा मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवे बसलेले, भोवती नवऱ्याकडची पाच-सहा माणसं.

"गळतंय!" मामा म्हणाले.

त्यातल्या तिघांच्या ओळखीचा माणूस होता. तिघांचेही वीस मिनिटांत गॅस भरून देणारे.