दिवाडीकर होता होता

मराठी मध्यमवर्गीय माणूस सहलीला गेला की पहिल्या दिवशी गीझर चालतो का ते बघतो, दुसऱ्या दिवशी मासळीचा भाव विचारतो आणि तिसऱ्या दिवशी जागेचा. या बाबतीत मी परंपरेला कधी बट्टा लावलेला नाही. महाबळेश्वरला मी स्ट्रॉबेरीचा मळा घेणार होतो, गणपतीपुळ्याला खानावळ काढणार होतो. असली प्रकरणं परतीच्या वाटेवर कात्रजच्या बोगद्यात आपोआप मिटतात, असा घरचा अनुभव होता. दिवाडीचं प्रकरण मात्र बोगदा ओलांडून थेट जेवणाच्या टेबलापर्यंत आलं.

दिवाडी हे मांडवीतलं बेट. जुन्या गोव्याच्या चर्चच्या गर्दीतून नदीकडे उतरलं की धक्का लागतो. तिथून फेरीबोट सुटते, पायी जाणाऱ्याला तिकीट नसतं आणि काही मिनिटांत आपण पलीकडे असतो. बेटावर पूल नाही, म्हणून हॉटेलांची रांगही नाही. टेकडीवर पिएदादचं चर्च, खाली बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजन शेतं, त्या बांधांना भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करणारी मानस नावाची लाकडी दारं, सकाळी सायकलवरून भोंपू वाजवत येणारा पोदेर आणि त्याच्या टोपलीतले गरम पाव. डिसेंबर महिना. अशा हवेत, अशा पावाबरोबर, माणूस कुठलाही निर्णय घेईल. मी कायमचं राहायला यायचा घेतला.

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्त झालेलो. उभी हयात लोकांच्या घरकर्जाच्या फायली तपासण्यात गेलेली, त्यामुळे हिशोब मांडायला वेळ लागला नाही. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा, पेन्शन आणि भाडं मिळून दिवाडीला राजासारखं राहायचं. रोज सकाळी नदीत पोहायचं, हेही त्या कागदावर 'आरोग्य' या सदराखाली लिहिलं होतं. बायकोनं कागद शांतपणे वाचला आणि म्हणाली, "अहो, शेजारच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्यांचं आरोग्य कुठल्या सदरात धरलंय?" मी ती ओळ खोडली. बाकी योजना शाबूत राहिली.

तिचा दुसरा मुद्दा धार्मिक होता. कदंबांचं कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळचं या बेटावरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं आणि देव नदीपल्याड नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. "देव नाइलाजानं गेला, कबूल," बायको म्हणाली, "पण महाराजांनी तिकडे देऊळ बांधून दिल्यावर परत आला का?" याला उत्तर नव्हतं. मी घर बघायला निघालो.

त्याच फेरीत, फेरीबोटीवर, माझं पुलाविषयीचं मत तयार झालं. बेटाला पूल हवा की नको, हा विषय तिथे वर्षानुवर्षं निघतो. कोकण रेल्वेला या बेटावरून जायला पूल मिळाला, पण गाडी इथे थांबत नाही. मुंबईची गाडी डोक्यावरून धडधडत जाते आणि दिवाडीचा माणूस खाली फेरीची वाट बघत उभा असतो. शेजारी स्कूटरला टेकून इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा उभा होता. पणजीला नोकरीला जाणारा असावा, कारण दर मिनिटाला घड्याळ बघत होता. त्याला मी, त्यानं न विचारता, सांगितलं की पूल अजिबात होऊ देऊ नका. ही शांतता, हा संथपणा, हेच तुमचं वैभव आहे. तो सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंकल, तुमी हांगा कितले दीस आसात?"

"रविवारपर्यंत."

"मागीर तुमकां पूल कित्याक जाय?"

मला त्यात उपरोध दिसला नाही. स्थानिक तरुणाचा पाठिंबा मिळाला, असं मी बायकोला फोनवर कळवलं.

घर सापडलं तेही मनासारखं. कौलारू, पुढे बसायला बाल्कांव, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. मालक कोण, एवढंच विचारायचं बाकी होतं. गोव्यात वारसा हक्काचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणावरचा. मुलगा-मुलगी सारखेच वारस, मुलांना सरसकट बेदखल करता येत नाही आणि विक्रीच्या कागदावर वारसाच्या जोडीला त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. या घराचा एक वारस लिस्बनला, एक टोरोंटोला, दोघे वांद्र्याला, आणि एक कुठे आहे याविषयी उरलेल्यांत मतभेद. असली फाईल बँकेत माझ्या टेबलावर आली असती, तर मी गिऱ्हाइकाला चहा पाजून घरी पाठवलं असतं. इथे मी चहा पिऊन टोरोंटोचा फोन नंबर मागितला.

शेवटी शेजारच्या आंटीनं आपल्या घराचा मागचा भाग भाड्यानं द्यायची तयारी दाखवली. पण वर्षभराचा करार करायला तिनं साफ नकार दिला. "पयलीं एक पावस काड हांगा," ती म्हणाली, "मागीर उलोवया." मला ते लागलं. माझं आजोळ चिपळूणचं. पाऊस मला शिकवता? आजोळी मी फक्त मे महिन्यात आंबे खायला जात असे, हा तपशील तिला सांगायची गरज वाटली नाही.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात आम्ही रेनकोट, खड्डे आणि महापालिका अशी चार महिने पुरेल इतकी चर्चा करतो. गोव्याच्या किनारपट्टीवर हाच आकडा तीन हजारांच्या घरात जातो. तिथे चर्चेला वेळच नसतो. सगळा वेळ वस्तू पुसण्यात जातो. आठवड्याभरात माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव आली. चष्म्याच्या घरात बुरशी आली. लग्नातला सूट कपाटातल्या कपाटात शेवाळी झाला. मुळात तो सूट बेटावर कशाला आणला होता, हा बायकोचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

मासळीवर तर मी सगळं गणित मांडलं होतं. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हे आख्ख्या किनारपट्टीला माहीत असतं, म्हणून मे महिन्यातच घरोघरी पुरुमेंत भरून ठेवलेलं असतं: सुके बांगडे, सुंगटं, सोलं, मिरच्या, लोणची. आंटीच्या कोठीत बघावं तिकडे बरण्या. माझ्या कोठीत पुण्याहून आणलेली भाकरवडी. ती पहिल्या पावसातच इतकी मऊ झाली की आंटीनं ती भाजी समजून चपातीबरोबर वाढली.

मग लाईट जायला लागली. इन्व्हर्टर बिघडला. दुरुस्तीवाल्याला फोन केला की तो आधी पत्ता विचारी आणि मग खोल श्वास घेई. आज फेरीला गर्दी आहे, आज पाणी वर आहे, आज दुसऱ्या धक्क्यावर अडकलोय. तो खोटं बोलत होता असं नाही. पलीकडच्या प्रत्येक माणसाला न येण्यासाठी एक सन्माननीय कारण कायम उपलब्ध असतं आणि तेच कारण मी डिसेंबरात 'वैभव' या शब्दात वर्णन केलं होतं.

तशातच एका रात्री माझी दाढ उठली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. उशिरा आंटीनं पलीकडच्या वाड्यावरून कुणाला तरी हाक मारली आणि स्कूटर घेऊन तोच इस्त्रीच्या शर्टातला मुलगा आला. या वेळी बनियनवर. बेट लहान, तिला भाचे मोजकेच. त्यानं मला धक्क्यावर नेलं. फेरीबोट पलीकडच्या तीरावर होती. तिचे दिवे स्वच्छ दिसत होते. ती हलत नव्हती. रात्री फेऱ्या विरळ होतात हे मला माहीत होतं, मी ते कौतुकानं लोकांना सांगतही असे. पाऊस आडवा लागत होता, उपरणं गालाला बांधलेलं, छत्री उलटी झालेली. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग अगदी सभ्यपणे, नदीकडे बघत, त्यानं विचारलं, "अंकल, पूल जाय?"

तोंड उघडायची सोय नव्हती. मी मान हलवली. उभी.

दात निघाला, तसा पाऊसही निवळला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरां असतो. रंगीबेरंगी निशाणं, चित्ररथ, बांबूच्या नळीतून फळं उडवणाऱ्या फोटाशींच्या लुटुपुटुच्या लढाया. उन्हं पडली होती, हिरवळ डोळ्यांना सोसवत नव्हती, आणि पलीकडून माणसांनी ओसंडणाऱ्या फेऱ्या येत होत्या. त्या गर्दीत कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला आणि मी कडाडलो, "या बाहेरच्या लोकांनी बेटाची पार वाट लावली!" माझ्या भाड्याची तिसरी पावती अजून फाटायची होती. वर मी हेही म्हणालो की पूल झाला तर रोज हे असेच लोंढे येतील. आंटीचा भाचा शेजारीच होता. तो काही बोलला नाही. त्यानं फक्त माझ्या गालाकडे, दाढेच्या बाजूला, बघितलं.

त्या बघण्यात माझा सगळा प्रस्ताव एका ओळीत तपासून परत आला. मला हवं होतं ते बेट सगळ्या जगाला लांब आणि माझ्या दंतवैद्याला जवळ असायला हवं होतं. शाळेला, नोकरीला, बाळंतपणाला पहिली फेरी गाठायची ती त्या मुलानं आणि त्याच्या घरच्यांनी. शांतता उपभोगायची ती मी. इतकी सोयीची फाईल मी बँकेत कधीच मंजूर केली नसती. पूल हवा की नको हे त्यांनी ठरवायचं, आणि त्यांच्यातही एकमत नाही, कारण दोन्ही बाजूंना राहणं त्यांच्या वाट्याला आलं आहे.

आंटीनं सप्टेंबरात स्वतःहून विषय काढला. पावस काढलास, आता कराराचं बोलू या, म्हणाली. मी डिसेंबरचे पंधरा दिवस मागितले. तिनं जरा विचार करून दर दुप्पट सांगितला, कारण डिसेंबरात तो सगळ्यांनाच दुप्पट असतो. मी घासाघीस केली नाही. बायकोनं तिथल्या तिथे परतीची तिकिटं काढली.

आता पुण्यात ओळखीचे विचारतात, दिवाडीला पूल व्हावा का हो, तुमचा तर तिथे अभ्यास आहे. मी आधी महिना कोणता चालू आहे ते विचारतो.