बोम्मसंद्र्याहून आरती थेट गावाकडे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

बंगळुरूची यलो लाइन मेट्रो दक्षिणेला जिथे संपते, त्या बोम्मसंद्र्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि गणपतीची आरती फोनवरून थेट कराडला दाखवतो असं कबूल करून बसलेल्या मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. साहित्य: एक स्मार्टफोन, एक ट्रायपॉड, एक चार्जर आणि एक फॅमिली ग्रुप. पहिल्या तिन्हींतला बिघाड दुरुस्त होतो.

१. तयारी आधी करा. यूट्यूबवर फोनवरून थेट प्रक्षेपणाला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्या वेळी परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. प्राणप्रतिष्ठेनंतर चॅनेल उघडाल, तर दीड दिवसाचा गणपती तेवढ्यात विसर्जनाला निघेल.

२. योग्य आकडा बघा. स्पीड टेस्टमध्ये ज्या आकड्याची आपण ऑफिसात फुशारकी मारतो, तो डाउनलोडचा. इथे तो निरुपयोगी. ७२०पी चित्राला साधारण ४ एमबीपीएस अपलोड सतत लागतं, म्हणजे तासाला सुमारे १.८ जीबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर तासभराच्या आरत्यांत मंत्रपुष्पांजली गावाला पोचत नाही. ग्राहक घेणारा असतो, देणारा नव्हे, हे गृहीत धरूनच मोबाइल नेटवर्कची आखणी होते. अपलोडच्या वाट्याला कमी जागा येते ती त्यामुळे.

३. जागा बदला. अपार्टमेंटच्या असोसिएशनने मांडव बेसमेंटच्या पार्किंगमध्ये घातला असेल, तर काँक्रीट आणि सळया सिग्नल अडवतात. रॅम्पच्या तोंडाशी या. तिसऱ्या मजल्यावरच्या घरचं वाय-फाय इथे एका काडीवर दिसतं आणि फोन त्यालाच चिकटून बसतो. ते बंद करून मोबाइल डेटा वापरा.

४. फोन येऊ देऊ नका. ‘दिसत नाही’ हे सांगायला मामा फोन करतात. कॉल आला की प्रक्षेपण थांबू शकतं, आणि मग खरंच दिसत नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि मामांना दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्या.

५. थांबायला शिका. नव्वद टक्के बिघाड इथेच केला जातो. थेट प्रक्षेपण तितकंसं थेट नसतं. चित्र आधी सर्व्हरवर जातं, तिथे त्याचे तुकडे होतात, मग ते आत्याच्या टीव्हीवर उमटतं. यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. आत्या ‘अडकलंय’ असं लिहिते, ते मागच्या कडव्याबद्दल असतं. तुम्ही घाबरून दर्जा ४८०पी करता. चित्र सुधारतं. तेवढ्यात काकांचा जुना ‘अजून अडकलंय’ येतो, म्हणून तुम्ही अॅप बंद करून पुन्हा उघडता. आता नवी लिंक तयार होते आणि सगळं घराणं जुन्या लिंकवर हात जोडून बसतं. तेव्हा एका वेळी एकच बदल करा, मिनिटभर थांबा, आणि ग्रुपमधल्या एकाच माणसाचं ऐका. हा माणूस वयाने सर्वांत लहान असावा.

६. स्पीकरवर कॅसेटच्या जमान्यातली आरती लावू नका. त्या रेकॉर्डिंगचे हक्क कुणाचे तरी असतात आणि यूट्यूब ते ओळखून प्रक्षेपण तोडू शकतं. स्वतः म्हणा. शेजाऱ्यांच्या बेसूर आरतीवर अजून कोणत्याही कंपनीने हक्क सांगितलेला नाही.

७. तरीही जमलं नाही, तर साधं रेकॉर्डिंग करा, रात्री घरच्या वाय-फायवरून चढवा आणि खाली फक्त ‘आरती’ लिहा. सकाळी आत्या कळवेल, ‘या वेळी थेट फार छान दिसलं.’ दुरुस्ती करू नका.