आधी फॉरमॅट, मग निदान

लॅपटॉपला वायफाय दिसेनासं झालं की घरातला प्रत्येक जण आपापला आरोपी ठरवून मोकळा होतो. बाबा इंटरनेटवाल्याला फोनवर झापतात. आईच्या मते सगळं त्या गेम्समुळे. चिरंजीव तर 'नवीनच घेऊ' या निष्कर्षावर लॅपटॉप धडधाकट असतानाच पोचलेले असतात. शेवटी वरात दुकानात. तिथला मुलगा झाकण उघडायच्या आत निकाल देतो : "फॉरमॅट मारावा लागेल." पैसे रोख, डेटा गेला तर जबाबदारी तुमची. ताप असो की पायात काटा, आल्या आल्या सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांचेच हे चुलतभाऊ.

या भावांना एकच प्रश्न सुचत नाही. यादीत कोणाचंच वायफाय दिसत नाही, की फक्त तुमचंच दिसत नाही?

कोणाचंच दिसत नसेल, तर राउटर निर्दोष आहे. सोसायटीत भिंतीला भिंत लागून दहा राउटर असताना यादी कोरी असेल, तर लॅपटॉपच बहिरा झालाय. आधी एअरप्लेन मोड बघा. कीबोर्डवरच्या विमानाच्या चित्राला फडक्याचा धक्काही पुरतो. जुन्या लॅपटॉपच्या कडेला तर वायफायची सरकती खिटी असायची, ती बॅगेत घालताना आपसूक बंद व्हायची. मग डिव्हाइस मॅनेजरमधलं नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स उघडा. तिथे वायरलेस कार्डाचं नावच नसेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. झोपलेलं कार्ड पुष्कळदा एवढ्यानं जागं होतं. कार्ड आहे पण यादी नाही, तर सर्व्हिसेसमध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' थांबलीय का बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल, तर बहुधा ड्रायव्हर बिघडलाय. तो मिळतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळतं ड्रायव्हर असेल तर! पण मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की हा पेच सुटतो. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण त्याचं बिल होत नाही.

फॉरमॅटनंतरची मजा तर वेगळीच. विंडोज कोरी करकरीत, पण तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर तिच्यासोबत आला नसेल तर वायफायचं बटणच गायब. मग त्याचं बिल वेगळं.

राउटरला खेटून बसलं की दिसतं, आतल्या खोलीत गेलं की नाही? तर अलीकडे बिजागरी किंवा रॅमसाठी लॅपटॉप उघडला होता का ते आठवा. वायफाय कार्डावर साधारण एक काळी, एक पांढरी अशा केसासारख्या दोन तारा टिकलीएवढ्या बटणांनी बसवलेल्या असतात. त्या बिजागरीतून स्क्रीनच्या कडेपर्यंत जातात, अँटेना तिथे असतो. कव्हर लावायच्या घाईत एखादी सुटून राहिली, तर दोष तारेचा आणि शिक्षा हार्डडिस्कला.

आता दुसरी बाजू. शेजाऱ्यांची सगळी नावं दिसतात, फक्त आपलंच नाही. नावाच्या शेवटी '५जी' लावून ठेवलंय का? ते मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ. फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजणाऱ्या जुन्या लॅपटॉपला ते जन्मात दिसणार नाही. राउटरमध्ये २.४ चालू करा, मिटलं.

आणि खास मराठी घरांतला रोग : काकांनी अमेरिकेहून प्रेमाने आणलेला लॅपटॉप. २.४च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल चालतात. अमेरिकेत १२ आणि १३वर इतकी बंधनं, की तिथे विकायच्या लॅपटॉपमध्ये ते सहसा बंदच ठेवलेले असतात. आपला राउटर 'ऑटो'वर असतो. एखाद्या दिवशी तो १३वर जाऊन बसतो. इथे घेतलेल्या मोबाइलला वायफाय दिसतं, कामवाल्या मावशींच्या मोबाइलला दिसतं, काकांच्या लॅपटॉपला तेवढं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी राउटर ११वर आला की आपोआप बरं! मग दुकानदार म्हणतो, व्हायरस होता, गेला. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पक्का करा, विंडोजला हातही लावावा लागत नाही.

कार्ड खरंच मेलं असेल, तर यूएसबीत खोचायचं वायफाय अ‍ॅडॉप्टर शे-पाचशेत येतं. तेवढ्यावर काम भागतं.

तरी दुकानात जायचंच असेल, तर एवढं करा. "फॉरमॅट" हा शब्द ऐकू आला की म्हणा, आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवा. "त्याची काही गरज नाही," असं उत्तर आलं, तर बॅगेची चेन लावा आणि पुढचं दुकान गाठा.