मुदतीचा सातबारा कोरा

साहेबांची पहिली मुदत सुरू झाली. त्यांचं अभिनंदन. खुर्चीत बसल्याला त्यांना तीस वर्षं होऊन गेली, ही बाब अलाहिदा. मुदत पहिलीच आहे. तसं न्यायालयानं लिहून दिलं आहे.

साहेब म्हणजे आफ्रिकेतल्या एका देशाचे राष्ट्राध्यक्ष. कुठल्या, ते विचारू नका. एकाचं नाव घेतलं तर उरलेले रुसतील, आणि रुसलेल्या राष्ट्राध्यक्षाची समजूत काढायला आमच्याकडे तेलाची विहीर नाही. शिवाय तुम्ही त्यांना ओळखताच. विमानतळापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत प्रत्येक भिंतीवर त्यांचा फोटो असतो. फोटोतले केस काळेभोर असतात.

अधिकृत चरित्र जाडजूड आहे, पण ते सगळं वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण गरीब घर, मिशनऱ्यांची शाळा, अनवाणी पायपीट. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले, तेव्हा साहेबांना नुकतं मिसरूड फुटत होतं. तरी ते स्वातंत्र्य बरंचसं त्यांच्यामुळेच आलं, असं चरित्रकाराचं मत आहे. (चरित्रकार सध्या माहिती खात्यात सचिव आहे.) दुसऱ्या प्रकरणात लष्कर, तिसऱ्यात राजधानीत रणगाडे. आधीच्या राष्ट्राध्यक्षाला लोक इतके विटले होते की साहेब आले तेव्हा माणसं रस्त्यावर नाचली. ते नाचणं खरं होतं, हे नमूद केलं पाहिजे. साहेबांनी रेडिओवर सांगितलं, मी फक्त घडी बसेपर्यंत आहे. घडी अजून बसते आहे.

मग शीतयुद्ध संपलं. पूर्वेकडून येणारा पैसा बंद झाला, पश्चिमेकडून येणाऱ्या पैशाला लोकशाहीची अट चिकटली. नव्वदच्या दशकात खंडभर नव्या राज्यघटना लिहिल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच घटनांत एक कलम आलं: एका माणसाला राष्ट्राध्यक्षपदाच्या दोनच मुदती. साहेबांनीही सही ठोकली. पाच अधिक पाच म्हणजे दहा वर्षं, आणि सही करताना दहा वर्षं कुणालाही फार लांब वाटतात.

ती संपली. एखादा अडाणी हुकूमशहा असता तर त्यानं ते कलमच खोडलं असतं. काहींनी खोडलंही. साहेब पडले कायद्यानं चालणारे. त्यांनी कलमाला बोटही लावलं नाही, कलमाच्या भोवतीची घटना तेवढी बदलली. पाच वर्षांची मुदत सात वर्षांची केली. (काही देशांत सातची पाच करतात. दिशेला महत्त्व नाही.) सार्वमत घेतलं. मग घटनातज्ज्ञ चष्मा पुसत पुढे आले आणि म्हणाले, दोन मुदतींची मर्यादा आहे ती नव्या घटनेतली. आधीच्या मुदती जुन्या घटनेखालच्या, त्यांची जातकुळी वेगळी, त्या यात कशा धरणार? शिवाय कायदा पूर्वलक्षी प्रभावानं लावायचा म्हणजे कायद्याच्या राज्याचा खूनच की. न्यायालयानं मान डोलावली. न्यायाधीश कुणी नेमले, असा खवचट प्रश्न इथे विचारायचा नसतो. आपल्याकडे शेतकरी सातबारा कोरा करा म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढतात. साहेबांनी एका दुपारी मुदतीचा सातबारा कोरा करून घेतला.

मला या सगळ्यात भुरळ पडली आहे ती त्या शून्याची. कारण ते शून्य फार निवडक आहे. साहेबांच्या मुदती शून्य झाल्या, पण त्याच मुदतींत काढलेली परदेशी कर्जं शून्य झाली नाहीत. ती व्याजासकट नव्या घटनेत आली. अर्थमंत्र्यांनी सावकारांपुढे जाऊन, ही कर्जं वेगळ्या जातकुळीची आहेत, धरू नका, असं सांगून बघायला हरकत नव्हती. ते गेले नाहीत. विरोधी पक्षाचा नेता जुन्या घटनेखाली तुरुंगात गेला होता, त्याची शिक्षाही नव्या घटनेत तशीच चालू राहिली; पूर्वलक्षी प्रभावाची बाधा तिला झाली नाही. जावयाला बंदराचं कंत्राट मिळालं होतं जुन्या घटनेखाली, तेही चालू. शाळामास्तरांचे थकलेले पगार मात्र जुन्या घटनेबरोबर गेले. एका मास्तरानं म्हणे विचारलं की साहेबांची नोकरी आजपासून धरायची तर माझीही आजपासून धरा, मी पुन्हा पंचविशीचा होतो, निवृत्ती पुढे जाईल. त्याला सांगण्यात आलं की ही सवलत एकाच पदाला आहे आणि त्या पदाची जागा रिकामी नाही. प्रचारसभेत साहेब म्हणाले, मला एकदा संधी देऊन बघा. पुढे आवाज चढवून त्यांनी विचारलं, इतक्या वर्षांत या रस्त्यांचं काय झालं, या विजेचं काय झालं, कुणी केलं हे पाप? आधीचं सरकारही साहेबांचंच होतं, हे सभेत कुणाला सुचलं नाही. ज्याला सुचलं असतं तो सभेत नव्हता, वर उल्लेख केलेल्या ठिकाणी होता. आणि भिंतीवरचा तो काळ्याभोर केसांचा फोटो बदलावा की काय, असा विचार चालला होता, तोही आता बारगळला. पहिल्या मुदतीला तोच शोभतो.

मतमोजणीच्या दिवशी देशभर इंटरनेट बंद होतं. सुरक्षेसाठी. जिथे मुदती मोजता येत नाहीत तिथे मतं मोजायचा आग्रह धरणं हा तसाही हट्टीपणा आहे. निकाल लागला, तो तुम्हाला ठाऊक आहेच.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सार्वमतानं शून्यावर येत नाही. ती म्हणजे साहेबांचं शरीर. गुडघे जुन्या घटनेखालची वर्षं मोजतात, हृदयही मोजतं, आणि मूत्रपिंडाला पूर्वलक्षी प्रभावाचा युक्तिवाद पटत नाही. म्हणून शपथविधीनंतर साहेब युरोपला गेले. निवेदन आलं की हा अल्पकाळाचा खासगी दौरा आहे. आठवडे लोटले तेव्हा दुसरं निवेदन आलं की प्रकृती ठणठणीत आहे आणि अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. मग एक फोटो आला, साहेब वर्तमानपत्र वाचताहेत. इथपर्यंत मी हसत होतो. पण जरा हिशेब करा. हा माणूस तीस वर्षं देश चालवतो. त्या तीस वर्षांत देशात उभ्या राहिलेल्या प्रत्येक इस्पितळाची फीत यानंच कापली, कोनशिलेवर याचंच नाव आहे, आणि त्यांतल्या एकाही इस्पितळात स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यायची याची छाती नाही! २००१ साली अबुजात खंडभरातले राष्ट्रप्रमुख जमले होते आणि त्यांनी शब्द दिला होता की अर्थसंकल्पातला किमान १५ टक्के पैसा आरोग्यावर खर्च करू. जाहीर शब्द, लेखी शब्द. बहुतेक देशांनी तो पाळलेला नाही. तो शब्द देताना तिथे बसलेल्यांपैकी किती जण पुढे परदेशी इस्पितळांत निजले, याची यादी कुणी भिंतीवर लावत नाही. आणि इकडे काय? जगभरात गरोदरपणात आणि बाळंतपणात जितक्या बायका मरतात, त्यांतल्या सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मरतात. रक्तस्राव झाला आणि इस्पितळात रक्त नव्हतं. रक्त होतं तर ते टिकवायला वीज नव्हती. वीज होती तर डॉक्टर नव्हता, तो पगार थकला म्हणून युरोपात गेला, आणि तिथे कदाचित साहेबांच्याच खाटेशी उभा आहे. ज्यांच्याकडे थोडी जमीन, थोडं सोनं असतं ते सगळं विकून मुंबई-दिल्ली गाठतात. मोठ्या इस्पितळांच्या बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली ही कुटुंबं आपण पाहतो. विमानाचं भाडं, खोलीचं भाडं, शस्त्रक्रियेचा खर्च, सगळं स्वतःच्या खिशातून. साहेबांचा खर्चही या कुटुंबांच्याच खिशातून. त्या बाकावर बसलेल्या माणसाला कुणी तरी सांगावं की बाबा रे, ही पहिलीच मुदत आहे, अजून सुरुवात आहे, जरा वेळ द्यायला हवा.

आणि वाचकहो, हे वाचून आफ्रिका म्हणजे असंच, अशी मान हलवू नका. ते सोपं आहे आणि चूक आहे. त्याच खंडात दोन मुदती भरून निमूट घरी गेलेले राष्ट्राध्यक्ष आहेत. निवडणूक हरल्यावर स्वतः फोन करून विरोधकाचं अभिनंदन करणारेही आहेत. २०२४ या एका वर्षात तिथल्या अनेक देशांत मतदारांनी सत्ताधाऱ्यांना घरी बसवलं. तिसऱ्या मुदतीच्या विरोधात पोरं रस्त्यावर उतरली आहेत आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. खुर्चीसाठी घटना शिवून देणारे शिंपी आपल्याला परके नाहीत, तेव्हा हसायचं ते साहेबांना.

ती पोरं संख्येनंही फार आहेत. आफ्रिकेचं मध्यम वय १९ च्या आसपास आहे, म्हणजे निम्मी माणसं त्याहून लहान. साहेबांच्या देशात बहुतेकांनी दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिलेलाच नाही. त्यांच्यापैकी कुणी पुढच्या वेळी अर्ज भरायचं मनात आणलं तर त्यानं आधी नियम वाचून घ्यावेत. उमेदवाराच्या किमान वयाची अट आहे: अनेक देशांत ३५, काही देशांत ४०. कमाल वयाची अटही काही घटनांमध्ये होती. ती साहेबांच्या वाटेत येऊ लागली, तशी काढून टाकण्यात आली.