पकड, चढाई आणि बडगीभर भरीत

महिलांच्या कबड्डीचा सामना 15-15 मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि मध्ये 5 मिनिटांची विश्रांती. सगळं मिळून 35 मिनिटं. एवढ्यासाठी जळगावहून धुळ्याला जायचं तर शहाणा माणूस सकाळची एस.टी. धरेल, सामना बघेल, बसस्टँडवर भजी खाईल आणि दिवेलागणीला घरी येईल. आमच्या घरात शहाणी माणसं गरजेपेक्षा जास्त असल्यामुळे इतका सरळ बेत कुणाच्याच पचनी पडला नाही.

निमित्त पुतणीचं होतं. चिमी जळगावच्या एका कॉलेजच्या संघात डावी कोपरारक्षक आहे. नाव चिमी असलं, तरी तिनं घोटा धरला की समोरची पोरगी मध्यरेषेला फक्त डोळ्यांनी स्पर्श करू शकते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा यंदा धुळ्यात भरणार, अशी बातमी तिनं जेवताना दिली. नानांनी विचारलं, "समोर कोण?" जिजीनं विचारलं, "चंपाषष्ठीच्या आधी की नंतर?"

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. जिजी चातुर्मासापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं तोंडात घालत नाही. सामना चंपाषष्ठीच्या आधी असता, तर तो नुसताच सामना झाला असता. नंतर असल्यामुळे भरीत आलं. आणि भरीत आलं की ते डब्यात भरून नेण्याची चाल आमच्याकडे नाही. गार भरीत खाणं म्हणजे जिजीच्या मते शिळ्या बातम्या ऐकणं. ते जागेवर भाजायचं, जागेवर ठेचायचं आणि धूर डोळ्यांत जात असताना खायचं.

मग यादी झाली. आसोद्याची वांगी, हिरवी, पांढऱ्या रेघांची, पातळ सालीची, बिया नावालाच. गेल्या सालच्या तुरीच्या काड्यांचे भारे. लाकडाची बडगी, जी दोघांनी उचलावी लागते. मुसळ. शेंगदाण्याच्या तेलाचा डबा. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, खोबरं, शेंगदाणे. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं. भाकरी थापणारी काकू. तिला धरून ठेवायला काका. माणसांसाठी क्रूझर ठरली आणि स्वयंपाकासाठी छोटा हत्ती. एरवी तो केळी वाहतो, म्हणून त्याच्या फाळक्याला डाग होते ते केळीच्या चिकाचे.

अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला असलेल्या माझ्या चुलतभावाचा त्या रात्री व्हिडिओ कॉल आला. आमचा बेत ऐकून तो उसळलाच. म्हणाला, "अरे, इकडे हेच करतात! कॉलेजच्या फुटबॉलला लोक पहाटेपासून गाड्या घेऊन येतात. शेजारच्या गोल्फच्या मैदानात लावतात, फाळका खाली करतात, शेगडी पेटवतात, दुपारपर्यंत खातात." मिशिगन विद्यापीठाचं ते स्टेडियम 1,07,601 माणसांचं आहे, हेही त्यानं सांगितलं. तिकडे कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना 1869 साली झाला, म्हणजे दीडशे वर्षांचा सराव. नाना गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एक लाख सात हजार माणसं? मग वांगी कुठून आणतात भो?" तो म्हणाला, वांगी नसतात, सॉसेज असतात. नानांनी फोन जिजीकडे दिला. त्यांच्या दृष्टीनं अमेरिकेचा विषय संपला होता.

घरातल्या पोरीनं कबड्डी खेळावी यावर पूर्वी आमच्याकडे एकमत नव्हतं. ते एकमत चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीनं घडवलं. तो 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. त्यातून, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे कुणीतरी नानांच्या कानावर घातलं. तेव्हापासून चिमी गुडघे फोडून आली की नाना हळद लावताना म्हणतात, "लागू दे, प्रमाणपत्र मिळतंय." चिमीला प्रमाणपत्राशी देणंघेणं नाही. तिला समोरच्या पोरीचा पाय दिसला की तो धरावासा वाटतो, एवढंच.

शिवाय विद्यापीठाबद्दल नानांना घरचा जिव्हाळा आहे. 1990 साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून निघालं तेव्हा नानांचं त्याच्याशी काही म्हणणं नव्हतं. 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लागलं आणि नानांचं म्हणणं सुरू झालं. बहिणाबाई आसोद्याच्या लेक, आणि आमचं शेत आसोद्याला. त्यामुळे विद्यापीठ हे गावच्या लेकीचं घर आहे आणि तिच्या घरच्या कार्याला रिकाम्या हातानं जायचं नसतं, असा त्यांचा सिद्धान्त. छोट्या हत्तीच्या भाड्याची बाजू त्यांनी याच सिद्धान्तावर मांडली.

जळगाव-धुळे रस्ता सरकारी कागदावर राष्ट्रीय महामार्ग 53 आहे. नाना त्याला अजून "सहा नंबर" म्हणतात. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला आणि टेकडीवर विद्यापीठ दिसलं, तेव्हा नानांनी हात जोडले. पाळधीला जिजीनं खिडकीतून तिच्या मामेबहिणीची दिशा दाखवली. एरंडोलला पांडववाडा आहे, पण आमच्या गाडीत त्याचा उल्लेख "काकूच्या भावाच्या घराजवळ तो वाडा" असाच झाला. पारोळ्याला किल्ला आहे आणि चुलत्यांचे व्याही आहेत. किल्ला तिथेच राहतो, व्याही रागावतात, म्हणून चहाला थांबलो. त्यांनी विचारलं, "काय कार्यक्रम?" नाना म्हणाले, "कबड्डी." त्यांनी छोट्या हत्तीकडे पाहिलं. वांग्यांची क्रेट, काड्यांचे भारे, आडवं ठेवलेलं मुसळ. "जोरात दिसतेय कबड्डी," ते म्हणाले आणि चपला घालून गाडीत बसले.

मुकटी, फागणे आणि मग धुळं. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, पूर्वेचं मुख्य ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. आता तिन्ही जिल्हे एकत्र येतात ते विद्यापीठाच्या स्पर्धांत आणि लग्नांत. त्यामुळे जळगाव विरुद्ध धुळे अशी लढत म्हटली की तिच्यात वैर किती आणि सोयरीक किती, हे पंचांनाही सांगता येत नाही. धुळ्याची फुई, म्हणजे नानांची सख्खी बहीण, मैदानाच्या फाटकात उभीच होती. शेजारी तिची चूल, तिचं खापर आणि पुरणाची परात.

"तू कशाला आणलंस? आम्ही आणलंय ना," नाना म्हणाले.

"तुम्ही पाहुणे," फुई म्हणाली. "आणि समोरच्या संघाची कप्तान माझ्या जावेची नात आहे. तिच्यासाठी मांडे."

म्हणजे सामना सुरू होण्याआधीच मैदानामागे दोन चुली पेटल्या. एकीवर पूर्व खानदेश वांगी भाजत होता, दुसरीवर पश्चिम खानदेश उलट्या खापरावर मांडे टाकत होता. धूर पाहून शिपाईमामा धावत आले. "इथं आग पेटवायला परवानगी नाही."

"आग कुठे? वांगी आहेत," नाना म्हणाले.

शिपाईमामा खाली वाकले. वांग्याची साल तडकून आत रस शिजत होता, त्या वासाला नियम कुठला लावायचा हे त्यांना सुचेना. "ही बाजू कच्ची राहिली," ते म्हणाले, काडी घेतली आणि वांगं परतलं. नंतर त्या चुलीचा ताबाच त्यांच्याकडे गेला.

सोललेली वांगी बडगीत पडली. मुसळाचे पहिले ठोके काकांनी घातले, नंतरचे व्याह्यांनी. मिरची-लसूण तेलात पडला तेव्हा मैदानातल्या सरावाची लय जराशी चुकली, हे मी स्वतः पाहिलं. सगळ्या पोरी एकाच वेळी एकाच दिशेला वळल्या. त्यात चिमीही होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते जिजीला बघवेना. महिलांच्या कबड्डीत 75 किलोची मर्यादा असते आणि चिमी त्या काठावर राहते. सकाळी वजन व्हायचं म्हणून तिनं आदल्या संध्याकाळपासून फक्त केळी आणि पाणी घेतलं होतं. वजन झालं, पास झाली. जिजी भाकरी घेऊन धावली, तर चिमीचे सर आडवे आले. "आजी, सामना झाल्यावर."

"एक घास."

"एकही नाही."

जिजीनं सरांकडे असं पाहिलं, की सरांनी दिवसभर तिच्याकडे पाठ केली नाही.

सामना सुरू झाला. नानांना नियम मी वाटेतच समजावले होते, पण बोनस म्हणजे दिवाळीचा, ही समजूत पक्की निघाली. धुळ्याच्या पोरीनं बोनस रेषा ओलांडून गुण घेतला, तेव्हा ते म्हणाले, "यांना आधी कसा मिळाला?" जिजीची अडचण निराळी. चढाईला एकटी पोरगी जाते आणि समोर सातजणी साखळी करून उभ्या राहतात, हेच तिला पटेना. धुळ्याची कप्तान चढाईला आली की जिजी कळवळून ओरडे, "अगं, सोडा रे तिला, एकटी आहे!" आणि धरणारी तिची स्वतःची नात. फुईची त्याहून पंचाईत. माहेर पकड करतंय, सासर चढाई करतंय. तिनं तोडगा काढला. टाळ्या दोन्ही वेळा वाजवायच्या, फक्त माहेरच्या वेळी पदराखाली.

मध्यंतरापर्यंत धुळे पुढे होतं. नाना उठून बडगीपाशी गेले, चव घेतली आणि परत येऊन म्हणाले, "चिंता नाही, मीठ बरोबर आहे."

दुसऱ्या डावात मात्र चिमी तापली. धुळ्याच्या कप्तानाचा पाय एकदा तिच्या हाताला लागला आणि मग तो सुटेचना. घोट्याची पकड, वरून साखळी, कप्तान बाहेर. ती बाहेर गेल्यावर बाकीच्या एकेक करून गेल्या, धुळ्यावर लोण चढला, लोणाचे दोन जादा गुण आले आणि आम्ही जिंकलो. आम्ही सगळे नाचलो. व्याही तर कुणाच्या बाजूनं आलेत हे विसरून नाचले. जिजीनं ताट वाढलं. भाकरी, तिच्यावर भरीत, भरताच्या मधोमध खळी करून कच्चं तेल.

सर परत आडवे आले. "आजी, चार वाजता अंतिम सामना आहे. जड काही नको."

आता काय बोलावं? जिंकल्यामुळे पोरगी उपाशी राहिली. आणि हरलेला धुळ्याचा संघ, ज्यांचा दिवस आता मोकळा होता, तो सगळाच्या सगळा आमच्या फाळक्याभोवती बसला होता. फुईनंच आणला होता त्यांना हाताला धरून. पोरी भुकेल्या होत्या, हरल्याच्या दुःखानं जास्तच भुकेल्या होत्या. काकू थापायला आणि त्या संपवायला. चिमी लांब झाडाखाली बसून केळ सोलत होती. नाना तिच्याजवळ जाऊन समजूत घालायला लागले, "जळगावचं केळं आहे बेटा, जगात नाव आहे." ती काही बोलली नाही. पण त्या केळाचा तिनं एका घासात जो निकाल लावला, तो पाहून नाना दोन पावलं मागे सरले.

अंतिम सामना नंदुरबारकडच्या संघाशी होता. त्याचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. त्या पोरींच्या पायात वारा होता आणि आमच्या पोरींच्या पोटात केळी. शेवटची शिटी वाजली, आम्ही हरलो. चिमी मान खाली घालून बाहेर आली, डोळे भरलेले. आम्ही काही बोलणार, तेवढ्यात जिजी मोठ्यानं म्हणाली, "झालं ना? आता जेव!" तिच्या आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. पराभवाचं इतकं मनापासून स्वागत मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

पण फाळक्यावर बडगी होती आणि बडगीचा तळ दिसत होता. शिपाईमामा भाकरीच्या तुकड्यानं तिच्या कडा पुसून घेत होते. जिजीनं बडगीत पाहिलं, काकूकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नाना महामार्गाकडे पाहू लागले.

तेव्हा धुळ्याची कप्तान लंगडत आली. सकाळच्या घोट्याला फुईनं शेंगदाण्याचं तेल चोळलेलं दिसत होतं. हातात ताट, ताटात घडी घातलेला मांडा, वर तूप. तिनं ते चिमीच्या पुढे केलं आणि म्हणाली, "सकायमा मना घोटा धरा, आते मना मांडा धर."

चिमीनं धरला. पंच शेजारीच होते, पण त्यांचंही तोंड मांड्यानं भरलेलं असल्यामुळे शिटी काही वाजली नाही.