सपाटीवरचा गिर्यारोहक

एप्रिलमध्ये थंडी ओसरली की उत्तर व्हर्जिनियात ॲशबर्न, हर्नडन, लीसबर्ग या भागातल्या मराठी घरांच्या गराजांतून एक प्राणी बाहेर पडतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी कॉम्प्युटरची, कोलेस्टेरॉल काठावर पास. अंगात गळ्यापासून मांडीपर्यंत घट्ट पोपटी कपडे, चड्डीला आतून गादी शिवलेली, आणि बूट असे की स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तरी फरशीवर टकटक वाजावेत. ‘‘अरे, ते बूट बाहेर काढ आधी,’’ हे बायकोचं वाक्य म्हणजे त्याच्या मोहिमेचा शंखनाद. याला आपण ट्रेलवीर म्हणू.

त्याचं रणांगण म्हणजे वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल. अर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत 45 मैलांची डांबरी वाट. इथं पूर्वी रेल्वे धावायची. 1860 साली ती लीसबर्गला पोचली, 1874 मध्ये पर्सेलव्हिलला. 1951 मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि 1968 मध्ये उरलेल्या मालगाड्याही. रूळ उखडले गेले. मग 1974 पासून तुकड्यातुकड्यानं डांबर पडत गेलं आणि 1988 मध्ये वाट पर्सेलव्हिलला टेकली. आता आगगाडीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. तिला चढ सोसत नाही. टेकडी आडवी आली तर टेकडी कापायची, खळगा आला तर भराव घालायचा. म्हणजे डोंगराचा जो काही माज होता तो दीडशे वर्षांपूर्वीच मजुरांनी कुदळ-फावड्यानं उतरवून ठेवलेला आहे. या वाटेवर मागं दोन छोटी चाकं लावलेल्या सायकलींवर पोरं शिकतात, सत्तरीच्या मैत्रिणी नातवंडांच्या तक्रारी करत रमतगमत जातात. आणि याच वाटेवर आमचा ट्रेलवीर प्राण पणाला लावतो.

तयारी आदल्या रात्रीपासून. व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावात ‘मावळे’ हा शब्द असतोच. रात्री अकराला हवामानावर चर्चा, टायरमध्ये हवा किती यावर मतभेद, मग ‘जय भवानी’. सकाळी सात म्हणजे सात, असं ठरतं आणि पावणेआठला दोघं उगवतात. ट्रेल ट्रेलवीराच्या घरामागून जाते, तरी तो सायकल गाडीमागच्या रॅकवर चढवून पार्किंगपर्यंत नेतो. ‘‘उगाच एनर्जी कशाला घालवायची?’’ पाठीवरच्या खिशात एनर्जी जेलच्या पुड्या, त्या सगळ्यांना दिसतील अशा. दशम्या आणि लसणाची चटणी खालच्या पिशवीत, त्या पर्सेलव्हिलच्या जुन्या स्टेशनाच्या आडोशाला निघतात. जेलची तीच पुडी, माझा असा संशय आहे, गेल्या सीझनपासून प्रवास करते आहे.

निघताना डोक्यावर उच्च दाबाच्या विजेच्या तारा आणि आसपास डेटा सेंटरच्या अवाढव्य, ठोकळेबाज इमारती. आठवडाभर तो ज्या ‘क्लाउड’वर काम करतो, तो इथं असा जमिनीवर, सिमेंटमध्ये बसलेला आहे. त्यापासून चार घटका सुटका व्हावी म्हणून तो निघालेला, आणि मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाडीचे ठोके टिपून बहुधा अशाच एखाद्या इमारतीत नेऊन टाकणार. सिग्नलला थांबलं की घड्याळही थांबवायचं, नाहीतर सरासरी बिघडते. एकदा चेन निसटली तेव्हा हात काळे व्हायच्या आधी त्यानं घड्याळ थांबवलं होतं.

लीसबर्ग सोडल्यावर क्लार्क्स गॅपपर्यंत वाट हळूहळू वर चढते. चढ इतका सौम्य की डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना समजतो. हीच ट्रेलवीराची खरी अडचण. न दिसणाऱ्या चढाची तक्रार करायची कशी? मग वारा मदतीला येतो. ‘‘आज हेडविंड काय होता यार!’’ परतीच्या वाटेवर लीसबर्गपर्यंत उतार लागतो आणि सायकल आपोआप पळू लागते. तेव्हा वाऱ्याचा उल्लेखही होत नाही. तेव्हा ‘‘फॉर्म आलाय’’. आजवर कुठल्याही ट्रेलवीराला मागून वारा लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

क्लार्क्स गॅपला दगडी कमानीचा एक सुरेख जुना पूल आहे आणि वाट त्याच्याखालून जाते. पुढं हॅमिल्टनकडं जाताना दोन्ही बाजूंनी झाडी, मधूनच उघडी कुरणं, लाकडी कुंपणं, माना खाली घालून चरणारे घोडे. अख्ख्या वाटेत मला हाच तुकडा आवडतो. ट्रेलवीराच्या लेखी तो ‘सेगमेंट’ आहे, आणि तिथं तो गेल्या वर्षीपेक्षा अकरा सेकंदांनी मागं आहे. घोडे होते का, असं विचारलं तर म्हणतो, ‘‘असतील.’’

पण ट्रेलवीराला खरा अडथळा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांचा. अमेरिकेत चालतानाही उजवीकडून चालायचं असतं आणि यांना जन्मभर डावीकडची सवय. मागून ट्रेलवीर ओरडतो, ‘‘ऑन युअर लेफ्ट!’’ आजोबा आज्ञाधारकपणे डावीकडं सरकतात, म्हणजे नेमके याच्या चाकापुढं. ब्रेक, ‘‘सॉरी अंकल’’, आणि उच्चार ऐकून आजोबांचा चेहरा उजळतो.

‘‘मराठी का? कुठले तुम्ही?’’

घड्याळ थांबतं.

असेच एकदा त्याला रेल्वेतून निवृत्त झालेले, कुर्डुवाडीचे एक आजोबा भेटले.

‘‘कुठवर जाता?’’

‘‘पर्सेलव्हिल, काका. जाऊन-येऊन चौतीस मैल.’’

‘‘तिथं काम असतं?’’

‘‘काम नाही काही.’’

‘‘मग?’’

ट्रेलवीरानं फिटनेस, स्टॅमिना, हार्ट रेट वगैरे सांगितलं आणि शेवटी चढाचा विषय काढला. ‘‘पुढं चढ जबरदस्त आहे, काका.’’

आजोबांनी वाटेकडं एकदा लांबवर पाहिलं. ‘‘इथं रूळ होते म्हणता ना? मग चढ कसला?’’

‘‘नाही, म्हणजे आहे तसा...’’

‘‘चढ बोरघाटात. सदतीसास एक. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, तेव्हा कुठं ती खंडाळ्याला चढते. इथं कुठं लावत होते बँकर?’’

बँकर लावत होते की नाही हे ट्रेलवीराला सांगता येईना. आजीनं मात्र मध्ये पडून, ‘‘जाऊ द्या हो त्याला, घामाघूम झालाय लेकरू,’’ म्हटलं आणि हातातल्या पिशवीतून एक केळं काढून दिलं. त्यानं ते खाल्लं. जेल नंतर घेईन म्हणाला.

पुढच्या शनिवारी कुणाकडंतरी जेवणावळ होती. श्रीखंडाची वाटी हातात, भोवती चार नवे मावळे, त्यांतल्या दोघांच्या सायकली अजून खोक्यातून निघायच्या होत्या. ट्रेलवीर क्लार्क्स गॅपचं वर्णन करत होता.

‘‘कर्जतहून खंडाळ्याला गाडी चढते ना, सदतीसास एक? सेम टू सेम,’’ तो सांगत होता. ‘‘आणि मला मागून बँकर पण नाही.’’